शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी

१५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. यवतमाळ

झेंडावंदन करून घरी आले तर हे आणि नातू टीव्हीसमोर. 'शोले'ला आज पन्नास वर्षं झाली, त्या मानाखातर सकाळपासून तोच चालू. यांच्या तोंडून संवाद पडद्याच्या आधी बाहेर पडतात. नातू वैतागला, "आजोबा, मला ऐकू तर द्या!"

त्या काळी पॉलिडोरनं या सिनेमाच्या संवादांच्या तबकड्या काढल्या होत्या. लग्नाच्या मांडवात, पानठेल्यावर गाण्यांऐवजी गब्बर वाजायचा. आमच्याकडच्या कित्येकांना सिनेमा दिसायच्या आधीच पाठ झाला होता. थिएटरात ते पाठांतर पडताळायला जायचे. सगळं कळलंच आहे, आता पैसे कशाला घालवायचे, असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

आज मी नीट पाहिला तो इमामचाचाच्या मुलाचा प्रसंग. अहमदला जबलपूरला विडीच्या कारखान्यात कामाला जायचं नसतं, आंधळा बाप समजावून धाडतो. पोरगा गब्बरच्या हाती लागतो. मारताना दाखवत नाहीत. हातावरची एक मुंगी चिरडलेली तेवढी दिसते. मग घोड्यावरून प्रेत गावात येतं, सगळे गप्प होतात, आणि म्हातारा विचारतो की एवढी शांतता का. आपल्याला माहीत, गावाला माहीत, एकट्या बापाला माहीत नाही. तो चाचपडत पुढं येतो तेवढा वेळ छातीवर दगड. सलीम-जावेदनी इथं आपल्यापासून काही लपवलेलं नाही. लपवलं असतं तर नुसते दचकलो असतो.

गंमत म्हणजे या सिनेमाचा मूळ शेवट वेगळा होता. ठाकूर गब्बरला मारूनच टाकतो. आणीबाणीचे दिवस, सेन्सॉरनं हरकत घेतली, मग ऐनवेळी पोलिस आणावे लागले. यंदा जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दुरुस्त केलेली प्रत मूळ शेवटासह दाखवली. मी हे यांना सांगितलं. "असं का," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रकाशकांचा पुण्याहून फोन. कादंबरीची पाठवलेली प्रकरणं वाचली म्हणे. भाषा छान, माणसं जिवंत, सगळं कौतुक झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, "पण बाई, यवतमाळ म्हटलं, कापूस म्हटलं, कर्ज म्हटलं, की वाचकाला शेवट कळतो हो. शेवटी काहीतरी धक्का ठेवा."

धक्का ठेवा! ताटात डाव्या बाजूला चटणी ठेवतात तसा.

त्यांचं खोटंही नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, गावचे सरपंच राहिलेले माणूस, १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि चार लेकरांसह गेले. राज्यातली जाहीरपणे कळलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तीच सांगितली जाते, आणि आता दर १९ मार्चला ठिकठिकाणी माणसं उपास करतात. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज आलं, पाठोपाठ कॅमेरे आले. तेव्हापासून आमच्या जिल्ह्याचं नाव घेतलं की पुढचा शब्द माणसं आपल्या मनानं भरतात. म्हणजे वाचक शेवट घेऊनच पुस्तकाशी येणार. माझी नायिका पहिल्या पानावर कुंकू लावते तेव्हाच त्यानं तिचं कपाळ पुसलेलं असतं.

त्याला चकवण्यासाठी नवऱ्याला जगवू? लॉटरी लावू? जे लिहायचं आहे ते लिहायचं सोडून वाचकाशी लपाछपी खेळत बसायला माझ्यानं होणार नाही. पण प्रकाशकांचा प्रश्न टाळूनही चालणार नाही. शेवट ज्याला ठाऊक आहे तो वाचक तीनशे पानं का उलटेल?

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

गावी आलो. दिरांनी सकाळीच बैल धुतले, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, कपाळी बाशिंगं. गावात जोड्या किती कमी झाल्या ते तोरणाखाली उभं राहिलं की कळतं. दोन ट्रॅक्टरही हार घालून रांगेत होते. कुणी हसलं नाही. एका पोरानं ट्रॅक्टरच्या बोनेटलासुद्धा बेगड चिकटवली होती.

मी आले ती झडत्या, म्हणजे पोळ्याला चढाओढीनं म्हणायच्या ओळी, ऐकायला. या कलेला कुणी रंगभूमी म्हणत नाही, पण माझ्या मते हा जिल्ह्यातला सगळ्यात कडक प्रेक्षक. एकानं झडती म्हणायची, दुसऱ्यानं त्यावर चढ म्हणायची, फिकी पडली तर बैलाच्या अंगावरच्या माश्यांकडं लोक जास्त लक्ष देतात.

आज विषय ठरलेलाच होता. सरकारनं १९ तारखेपासून परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क उठवलं. लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव छापून आलाय, पण शुल्क गेल्यावर बाजार तेवढा देईल असं गावात कुणाला वाटत नाही. धोतर नेसलेले एक काकाजी तोरणाच्या मधोमध आले. पहिल्या ओळीत विमानातून उतरलेला कापूस, दुसरीत त्याला ओवाळणारी सरकारी वहिनी, तिसरीत आमचा कापूस फाटकाबाहेर ताटकळतोय. लोक हसायला लागले, आणि काकाजी थांबले. मिशीवरून हात फिरवला. बैलाच्या कानात काहीतरी पुटपुटले, जणू त्याचा सल्ला घेताहेत. पोरं ओरडली, "म्हणा जी, म्हणा!" तरी थांबले. आता काय येणार ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रत्येक झडती 'हर हर महादेव'वरच संपते. शेवटी त्यांनी हात वर केला तेव्हा गर्दीनंच ते ओरडून टाकलं.

माझ्या वहीच्या मागच्या पानावर तिथंच उभ्यानं लिहिलं: शेवट लपवणं वेगळं आणि शेवटाला उशीर लावणं वेगळं. लपवायला कुणालाही येतं, कागद पालथा ठेवला की झालं. उशीर लावायला माणसाचं अंग लागतं.

मग मानाची जोडी पुढं निघाली, तोरण तुटलं, पोळा फुटला. जोड्या घरोघर ओवाळायला गेल्या. दिरांच्या हाती बोजाऱ्याचे, म्हणजे ओवाळणीचे, पैसे जमले, ते त्यांनी लगेच खिशात न ठेवता सालगड्याला दिले. ही रीत.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. लाकडी बैल, पुढं दोरी, मागं आई. चुलत नातवाला झडती शिकवली होती. माईक पाहून मधल्या ओळी विसरला आणि पहिल्या ओळीवरून एकदम 'हर हर महादेव'. सगळे खो खो हसले. त्याला कळेना, शेवट तर बरोबर म्हटला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. यवतमाळ

जवळच्या गणेश मंडळाची मुलं आली होती. 'साहित्य आणि सिनेमा' यावर बोला म्हणाली. आमच्या साहित्यिक बैठकीत हा विषय काढला तर दोन-तीन नाकं अजून मुरडतात. मी त्यांना दर वेळी एकच आठवण करून देते. १९७३ साली याच यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष कोण होते? ग. दि. माडगूळकर. 'रामजोशी', 'पेडगावचे शहाणे', 'लाखाची गोष्ट', 'जगाच्या पाठीवर' लिहिणारा माणूस. 'दो आँखें बारह हाथ'ची कथाही त्यांचीच. सिनेमाच्या मांडवातून उठून आलेल्या लेखकाला यवतमाळनं व्यासपीठाच्या मधोमध बसवलं होतं. नाकं जागेवर येतात.

पण मुलांपुढं मी बोलणार आहे ते गीतरामायणावर. १९५५ ची रामनवमी, पुणे आकाशवाणी, दर आठवड्याला नवं गाणं, सुधीर फडक्यांची चाल, वर्षभरात छप्पन्न गाणी. मराठीतली ही पहिल्या नंबरची साप्ताहिक मालिकाच. आणि गोष्ट कुठली निवडली? महाराष्ट्रात एकही घर नसेल जिथं तिचा शेवट ठाऊक नाही. तरी लोक रेडिओला हार घालून, पुढं उदबत्ती लावून बसायचे. माझी आजी त्यातली. ती काय 'पुढं काय होईल' म्हणून बसत होती?

मला वाटतं, माडगूळकरांनी सगळा डाव पहिल्याच गाण्यात मांडला. लव आणि कुश रामासमोर रामाचीच कथा गातात. ऐकणारा स्वतःची गोष्ट ऐकतोय, गाणारी त्याची स्वतःची मुलं आहेत, हे त्याला माहीत नाही. रेडिओपुढं बसलेल्या आजीला माहीत आहे. एवढ्या एका गोष्टीवर वर्षभर पुरेल इतकी ओढ तयार होते. पुढं प्रत्येक गाणं कुणा ना कुणाच्या तोंडी, आणि गाणाऱ्याला त्याच्या त्या घटकेपुरतंच दिसतं. कौसल्या जाऊ नको म्हणते तेव्हा तिला अजून वाटतंय की हा थांबेल. आपल्याला पक्कं माहीत की निघाला. आपल्या माहितीत आणि तिच्या आशेत जे अंतर पडतं, त्यात गाणं उभं राहतं. दिग्दर्शक हे तंत्र हिचकॉककडून शिकल्याचं सांगतात. शिकोत बापडे. आमच्याकडं प्रत्येक कीर्तनकार उत्तररंगात हेच करतो आणि वर बुक्का लावून घेतो.

राम शेवाळकरही आठवले. वणीला प्राचार्य होते, १९९४ च्या पणजी संमेलनाचे अध्यक्ष. रामायण-महाभारतावर बोलायला उभे राहिले की हातात चिठोरं नसायचं, आणि श्रोत्यांत महाभारत न ऐकलेला माणूस शोधून सापडला नसता. तरी मैदान भरायचं.

२ सप्टेंबर, मंगळवार

महालक्ष्म्या उठल्या. आंबील, सोळा भाज्या, पुरण. तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जेवणं झाल्यावर बायकांचा विषय अर्थातच मालिका. मी त्यात हिरिरीनं भाग घेते, सूनबाईला त्याचं नवल वाटतं.

मालिकांवर माझा राग आहे तो त्या बायकी आहेत, भडक आहेत म्हणून नाही. दागिने घालून झोपू दे बिचाऱ्यांना. राग याचा की त्या शेवट लपवत नाहीत, त्यांच्याकडं तो नसतोच. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले. बारा वर्षांत माणसाचं पोर सातवीत जातं. कुठं जायचं ते ठरलेलं नसलं की प्रत्येक वळणावर नुसती धूळ उडवावी लागते: तोच चेहरा तीनदा, तोच ढोल तीनदा, आणि मेलेला माणूस दारात उभा.

मात्र हीच मालिका सांगायची कशी हे मी शिकले ते गावच्या शेतात. भारनियमनाची वर्षं होती. ऐन वेळेला वीज जायची, अर्धा भाग बुडायचा. दुसऱ्या दिवशी निंदणाला आलेल्या बायकांत एखादीनंच पूर्ण पाहिलेला असायचा, आणि त्या दिवशी तिचा भाव. आमच्या एक मावशी यात पटाईत. वाकून निंदता निंदता सांगायच्या, "थे सासू खोलीत गेली. कपाट उघडलं. चावी कोनाची? सुनेची! आता सुनेले काय माहीत, थे तर अंगनात रांगोळी टाकून राह्यली." पडद्यावर वीस मिनिटं खाल्लेला प्रकार पातीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर पुरायचा. लांबण नाही, ढोल नाही. नेमकं बांधाशी आलं की कंबर सरळ करून म्हणायच्या, "पानी द्या आधी." कुणी मध्येच विचारलं, शेवटी सून सुटली का, तर आधी "सुटली" म्हणून सांगून टाकायच्या आणि मग कशी सुटली ते सुरू. श्रोते कमी झालेले मी पाहिले नाहीत.

मावशी यंदाही भेटल्या. पाठ वाकली आहे, तोंड चालू आहे. घरच्या डिशचं रिचार्ज संपलंय म्हणाल्या. "पोराच्या हाती पैसा नाही आता. कापूस निंगू द्या, मंग पाहू."

हे वाक्य डोक्यात राहिलंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

समोरच्या अंगणात भुलाबाई मांडली. गाणी संपल्यावर मुलींनी खाऊ ओळखायला लावला. डबा वाजवून दाखवतात, तिखट की गोड तेवढं सांगतात. मी शंकरपाळे म्हटलं, निघाले चुरमुऱ्याचे लाडू. खरं रहस्य एवढंच असावं, मुठीत मावेल इतकं. ते फुटल्यावर खाताही यावं.

१४ सप्टेंबर, रविवार

कालपासून तीन गोष्टी एकापुढं एक ठेवून बघते आहे.

'पीपली लाइव्ह', २०१०, अनुषा रिझवीचा. नत्था नावाचा शेतकरी भरपाईसाठी मरणार अशी बातमी फुटते आणि गावात वाहिन्यांची जत्रा भरते. सगळ्या कॅमेऱ्यांना शेवट हवा आहे, लवकर हवा आहे. त्याच गावात होरी महतो नावाचा हडकुळा माणूस रोज खड्डा खणून माती विकतो, आणि एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. एकही कॅमेरा तिकडं वळत नाही. होरी हे प्रेमचंदांच्या 'गोदान'मधलं नाव, १९३६ चं. ज्याचा शेवट जाहीर झालाय त्याच्याकडं आपण बघत राहतो आणि शेजारचा माणूस मरून जातो. सिनेमा विनोदी म्हणून विकला गेला. भलंच झालं, नाहीतर कोण बघतं.

दुसरा आपला मराठी, 'गाभ्रीचा पाऊस', २००९, सतीश मनवरचा. शेजाऱ्यानं आत्महत्या केली म्हणून अलकाला धास्ती, आपला किस्नाही तसंच करेल. ती काय करते? लहान मुलाला आणि सासूला नवऱ्याच्या पाळतीवर ठेवते. त्याला गोडधोड करून घालते. त्या बाप्याला कळेना घरच्यांना झालंय काय. तो झाडाकडं निघाला की आपल्या पोटात गोळा, आणि त्याच क्षणी मागून धावणारी म्हातारी पाहून हसू. शेवट आपण मनात धरून बसलोय हे दिग्दर्शकाला पुरतं माहीत आहे. तो आपल्या भीतीलाच कामाला लावतो. प्रेक्षक म्हणून मी इतकी कधी वापरली गेले नव्हते, आणि त्याबद्दल तक्रारही नाही.

तिसरं, 'तेरवं'. श्याम पेठकरांचं नाटक, हरीश इथापेंनी बसवलेलं. ज्यांच्या घरात शेतकऱ्यानं आत्महत्या केली अशा बायका त्यात स्वतः उभ्या राहतात. त्यांच्यातल्याच एक, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. जानेवारी २०१९ मध्ये इथंच ९२ वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगलांना दिलेलं निमंत्रण मागं घेतलं गेलं, त्यावर रान उठलं, पुष्कळ लेखक आलेच नाहीत. मग उद्घाटनाला वैशालीताई उभ्या राहिल्या. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. मी मांडवात होते. बोलायला उभी राहिलेली बाई नाटकातून आलेली होती आणि तिच्या आवाजात ते कळत होतं. दया मागणारा आवाज नव्हता तो. समोरच्याला थांबवून ठेवणारा होता. सहगलांच्या बाबतीत जे झालं ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. पण त्या दिवशी त्या मांडवात गोष्ट सांगायची कशी हे ज्यांना येत होतं, त्यांत वैशालीताई पहिल्या.

त्यांचं नाटक वर्तमानपत्राची बातमी जिथं संपते तिथून सुरू होतं. नवरा गेलेला आहे. पडदा उघडायच्या आधीच गेलेला आहे. पुढं जे आहे ते सातबारावर नाव चढवणं, सासरच्यांची नजर, पोरांची फी, आणि बँकेतल्या बाबूचं 'उद्या या'. शेवट काय होणार हा प्रश्नच मग उरत नाही, आणि तरी मी दीड-दोन तास खुर्चीच्या टोकावर.

प्रकाशकांना पत्र लिहायला घेतलं, फाडलं. अजून एक खुंटी कमी आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

यंदा दसरा आणि गांधी जयंती एका दिवशी. यवतमाळची देवी बघायला बाहेरगावचे लोक आलेत, रात्री रस्त्यानं चालवत नाही. सकाळी सोनं वाटायला आलेला भाचा हसत म्हणाला, "मावशी, आज दोन ऑक्टोबर. पणजीला सत्संगाला गेला होतात ना?" 'दृश्यम'नंतर या तारखेचं असं झालंय. गांधीजींनी पोट धरून हसावं.

दुपारी सगळ्यांनी मिळून पुन्हा पाहिला. निशिकांत कामत, २०१५. मूळ जितू जोसेफचा मल्याळम, २०१३. नायक विजय साळगावकर गोव्यातला केबलवाला, शिक्षण चौथी नापास, बाकीचं सगळं सिनेमे बघून शिकलेला. आपली कादंबरीकार जमात त्याच्याकडून जे शिकू शकते ते कुठल्या कार्यशाळेत शिकवत नाहीत. पोलिसांना तो खोटी कहाणी रचून सांगत नाही. सत्संग खरा, बस खरी, हॉटेल खरं, पावभाजीसुद्धा खरी. कुटुंब तिथं खरोखर गेलं होतं, फक्त दुसऱ्या दिवशी. त्यानं बदलली आहे एकटी तारीख. म्हणून साक्षीदारही प्रामाणिकपणे खोटं बोलतात.

आणि प्रेक्षकाशी त्याचा व्यवहार बघा. खून झाला ते आपल्या डोळ्यांसमोर, कुणी केला तेही. सगळं आपल्या हाती देऊन टाकलं. राखून ठेवली एकच गोष्ट: प्रेत नेमकं कुठं. ते शेवटच्या मिनिटाला, नव्या पोलिस ठाण्याच्या फरशीखाली. सूनबाईला आधीपासून माहीत होतं, तरी तिनं त्या क्षणी माझा हात धरला.

खुंटी सापडली. संध्याकाळी प्रकाशकांना फोन लावला. म्हटलं, नवरा जातो हे पहिल्या वाक्यात सांगते आहे. पलीकडं शांतता. मग, "अहो, मग लोक पुढं का वाचतील?"

म्हटलं, जाण्याच्या आठवडाभर आधी त्यानं घरच्या डिशचं सहा महिन्यांचं रिचार्ज करून ठेवलेलं असतं. बायकोला पत्ता नाही. तेरवं होतं, महिना होतो, टीव्ही चालूच राहतो, मालिका रोज लागते, आणि तिला कळत नाही की ही बंद का पडत नाही. एक लाखाच्या मदतीसाठी पात्र की अपात्र ठरवायला चौकशी येते, तेव्हा घरात चालू टीव्ही सापडतो. तिच्याविरुद्ध पहिला पुरावा तोच. वाचकाला रिचार्जचं दुसऱ्या प्रकरणात सांगून टाकणार. तिला शेवटून दुसऱ्यात कळेल. राखून ठेवणार एकच गोष्ट, पैसे त्यानं आणले कुठून.

"कुठून आणले?" त्यांनी लगेच विचारलं.

सांगितलं नाही. जानेवारीत हस्तलिखित पाठवते म्हटलं.

उद्या: चौकशीचं प्रकरण आधी लिहायला घ्यायचं. दिरांकडून तलाठ्याच्या अहवालाचा कोरा नमुना मागवायचा, त्यात किती रकाने असतात आणि कुठल्या क्रमानं, ते बघायचं. मावशीच्या डिशचे पैसे भरायचे, सूनबाईच्या मोबाइलवरून होतं म्हणे.